एक पायरी मागे

टीममध्ये त्या दिवशी भांडण जुंपलं ते एका थांब्यावरून. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. आम्ही त्याची डागडुजी करतो. त्यातल्या जुन्या कोडमध्ये एक विचित्र गोष्ट होती. डिस्ककडून उत्तर आलं तरी कर्नल उगाच क्षणभर थांबायचा आणि मगच ते पुढे द्यायचा. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"ठेवायचा तर ठेवा, नाहीतर तो सगळा भागच नव्याने लिहा," पंतोजी म्हणाले. टीममधले सगळ्यात जुने, शिकवायची हौस दांडगी, म्हणून हे नाव. "असं कुरतडू नका. कुठल्या घासाला बिघडलं ते कळायचं नाही."

"उलट तेच कळेल," मी म्हणालो. "थांबा थोडाथोडा कमी करायचा. प्रत्येक पायरीला सगळ्या टेस्ट. बिघडलं तर एक पायरी मागे."

बोलण्यात मी कोणाला हार जात नाही. सगळे माझ्या बाजूने झाले.

प्रत्येक पायरी मी आधी घरच्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचो. तो बाबांच्या खोलीत आहे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांचं बोलणं फार मंदावलं होतं. "चहा घेणार?" असं विचारून मी माझा निम्मा कप संपवायचो, तेव्हा कुठे उत्तर यायचं.

पहिल्या काही पायऱ्यांनंतर बाबा झटपट बोलू लागले. बायको हरखूनच गेली.

"आता मला टोमणे मारायला मोकळे झालात, बाबा."

"तेवढ्यासाठीच बरा झालो, सूनबाई," ते लगेच म्हणाले.

मला भरून आलं. उरलासुरला थांबाही मी त्याच आठवड्यात काढून टाकला. टेस्ट सगळ्या पास.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत शिरलो आणि बाबा म्हणाले, "बिनसाखरेचा दे." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग हे अंतर वाढत गेलं. "कपाटामागे पडलीय," ते एका सकाळी म्हणाले. संध्याकाळी बायको किल्ली शोधत आली. एकदा म्हणाले, "छे, छान झोप लागली." मी हट्टाने काही विचारलंच नाही. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. "रात्री त्रास झाला का?" त्यांनी विचारलं. बाबा नुसते बघत राहिले. त्यांचं उत्तर देऊन झालं होतं.

मी घाबरलो. एकेक पायरी मागे गेलो, थांबा होता तसा परत घातला. टेस्ट पास. बाबा तसेच. शेवटी कॉम्प्युटरची वायरच उपटली, तरी तेच. पंतोजींना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"बिघडलं कुठल्या पायरीला?"

"एकाही नाही. प्रत्येक पायरी बरोबरच होती."

"मग मागे जाणार कुठे?"

इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी मी बाबांची नखं कापत होतो. स्वयंपाकघरात बायको गुणगुणत भांडी लावत होती. बाबांनी एकाएकी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"नाही रे," ते म्हणाले. "फार त्रास नाही झाला सूनबाईला. शेवटपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता."

नेलकटर खाली पडलं.

गुणगुणणं थांबलं. ती हात पुसत दारात आली.

"काय रे, काय विचारलंस बाबांना?"

"काही नाही," मी म्हणालो. "अजून काही नाही."