दुपारची वीज जाते कुठे?

सूर्य डोक्यावर आला, की वस्तीसमोरच्या माळावर मांडलेल्या सौर पट्ट्या भरभरून वीज बनवायच्या. आणि नेमकी तेव्हाच उत्पलाच्या वस्तीतली वीज जायची. असं का?

रात्री गेली असती, तर उत्पलाने एवढं मनावर घेतलं नसतं. पण तिच्या धाकट्या भावाला, सुमेधला, धाप लागायची ती दुपारीच. कोळशावर चालणारं जुनं वीजकेंद्र बंद झालं होतं, पण त्याचं राखतळं (जळलेल्या कोळशाची राख साठवलेला प्रचंड खड्डा) तसंच उघडं होतं. दुपारचा वारा तिथूनच यायचा. मग सुमेधला नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारं यंत्र) लावायचा. तो मध्येच बंद पडला, की आई त्याच्या छातीवर हात ठेवून बसायची. पापणीही न लववता.

एका सकाळी वीज तपासायला यंत्रमानव आला. नाव मापक. उत्पलाने दारातच त्याचं माप्या करून टाकलं.

"माप्या, समोर एवढी वीज बनते. आमच्याकडेच काहून नाही येत?"

"वीज बनली, की लगेच वापरावी लागते किंवा साठवावी लागते," मापक म्हणाला. "म्हणून वितरण-संगणक (कुणाला किती वीज द्यायची हे ठरवणारं यंत्र) आधीच अंदाज बांधतो. पूर्वी कुणी किती वापरली, त्यावरून. तुमची वस्ती दुपारी जवळजवळ काहीच वापरत नाही. म्हणून तुमची मर्यादा लहान. ती ओलांडली, की जोडणी आपोआप तुटते. बाकीची वीज शहरात जाते."

शेजारच्या शेवंताकाकूंची पिठाची चक्की होती. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे माझी चक्की अन् या लेकराचं यंत्र संगंच लागलं, की संपलं?"

"होय."

"वापरत नाही म्हणे!" उत्पला स्टुलावर चढली, पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं आणि ते करडं बोट मापकच्या डोळ्यांसमोर धरलं. "दुपारी पंखा लावला, की ही राख ताटात उडते, अंथरुणात उडते. म्हणून अख्खी वस्ती पंखे बंद करून घामात बसते. आणि तुझ्या संगणकाला वाटलं, यांना उकडतच नाही!"

मापकचे दिवे लुकलुकले. "मी वापर मोजतो. गरज मोजायचं साधन माझ्यात नाही."

"कोळसा जळत होता तेव्हा राख आमच्याकडे. आता ऊन आमच्या माळावरचं, तरी वीज दुसऱ्यांना. वीज स्वच्छ झाली रे, वाटणी कुठे झाली?"

मापकने आपल्या नोंदी चाळल्या. मग म्हणाला, "मर्यादेमुळे जोडणी तुटली, की 'अपुरा पुरवठा' अशी नोंद होते. रोज अशा नोंदी झाल्या, तर संगणकाला अंदाज नव्याने बांधावा लागतो. पण त्यासाठी आधी तुम्ही पंख्याचं बटण दाबायला हवं."

"मग दाबू की!" काकू म्हणाल्या. "सगळेच दाबू."

"अन् उडालेली राख?" आईने विचारलं. "याला सोसेल ती?"

दुसऱ्या दिवशी आई सुमेधला नदीपलीकडे मावशीकडे ठेवून आली. चपला काढून ती सरळ पंख्याच्या बटणाकडे गेली.

त्या दुपारी घराघरांत भांड्यांवर ओली फडकी पडली, नाकाला पदर लागले आणि सगळे पंखे एकदम फिरले. चक्की घरघरली. वीज गेली. आली, की पुन्हा बटणं. पुन्हा गेली. रोज हेच. शेवटी वीज कचेरीतले साहेब तणतणत आले.

"तुम्ही मुद्दाम वीज घालवताय!"

"मुद्दामच मागतोय," आई म्हणाली. "द्या, म्हणजे जाणार नाही."

मग एका दुपारी पंखे फिरले, चक्की चालली, आणि वीज गेलीच नाही. संगणकाने वस्तीची मर्यादा कायमची वाढवली होती. राख उडू नये म्हणून पंखे पुन्हा थांबले, घरं पुसून निघाली, आई सुमेधला घेऊन आली. भर दुपारी त्याच्या तोंडावर नेब्युलायझरचा मुखवटा होता आणि यंत्र न थांबता गुरगुरत होतं. आईचा हात अजून त्याच्या छातीवरच होता.

पुन्हा आलेला मापक वाढलेली मर्यादा तपासून वळला. "काम झालं. निघतो."

उत्पला दारात आडवी उभी राहिली. "थांब. राखतळं कोण झाकणार?"

"ते माझ्या कामात येत नाही."

"मग ज्याच्या कामात येतं, त्याला बोलाव." तिने स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "तोवर बस इथे."

मापक बसला आणि संदेश पाठवू लागला.