पार्बताबाईची गोल बांगडी

"माहं खातं बंद झालं म्हणतेत! अन् म्हणे मीच केलं!"

पार्बताबाईनं टोपली खुशालरावाच्या ओट्यावर आदळली, तशी चार वांगी घरंगळत उत्तमरावाच्या पायाशी आली.

खुशालराव हरवलेल्या बैलांचा माग काढून पोट भरत असे. उत्तमराव त्याचा दोस्त. गाडी याची, डोकं त्याचं. अमेरिकेतल्या लढाईनं कापूस सोन्याच्या भावानं गेला, जो तो कापूसच पेरू लागला, आणि भातकुलीच्या पार्बताबाईची वांगी अमरावतीत नवसानं मिळू लागली. त्या वांग्यांचे तीनशे रुपये तिथल्याच गोवर्धनशेटच्या पेढीत होते. आज दिवस बुडायच्या आत ते जानरावाला दिले, तर त्याच्या विहिरीचा अर्धा हिस्सा तिचा. नाहीतर उद्या दुसऱ्याचा.

"पेढीवाल्यानं खातं बंद केलं त काय करता येते, भाऊ?"

"बंद कराचा हक्क त्याले आहे, बाई," खुशालराव म्हणाला. "पण पैसा धन्याच्या हाती द्या लागते. नाही देल्ला, त डिप्टी साहेबाच्या कचेरीत अर्ज. पण तिथं महिना जाईन. आधी कागद पाहू."

पेढीवर शेट पान जुळवत होता. गोल पानडबा मिटत तो म्हणाला, "असल्या बारक्या खात्यांचा मले कंटाळाच आहे. पण हे तुमीच बंद केलं, बाई."

"सोमवारी आल्या, पैसे नेले," मुनीम केशवरावानं तपकीर ओढली. शिंकेसरशी डबी खाली पडली. उत्तमरावानं उचलून दिली.

"मुनीमजी, पोचा पडला की डबीले!"

"जुना आहे तो."

मुनीमानं दोन कागद मांडले. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढी, बाई बांगडी. खातं उघडतानाची बांगडी दोडक्यासारखी होती. बंद करतानाची गोल, फक्त एका जागी जराशी चेपलेली.

"हात बसला त्यांचा," मुनीम म्हणाला.

खुशालरावानं बाईला तिथंच कोऱ्या कागदावर चार बांगड्या काढायला लावल्या. एक कारल्यासारखी आली, एक उघडीच राहिली.

"मंग शेटनंच काढली! पानडबा गोल आहे," उत्तमराव कुजबुजला, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. शेटला ठसका लागला.

"एकाच बैलाचा खूर चिखलात वेगळा पडते, धुळीत वेगळा," खुशालराव म्हणाला. "माणसाचा हातही तसाच. इतकं गोल हातानं येत नाही. काहीतरी ठेवून भोवती टाक फिरवला. शेटजी, डबा द्या."

डब्याखाली सगळी बांगडी झाकली गेली. रुपया ठेवला, तो आत लोळू लागला.

"आता मुनीमजी, चिमूटभर तपकीर द्या."

मुनीमाचा हात कंबरेशी गेला, तो वर येईना. शेटनं डबी हिसकावली. खुशालरावानं ती कागदावर ठेवून हळूच फिरवली. पोच्यावर पोचा बसला.

"हाताला पोचा पडत नाही, शेटजी. पोचलेली डबी या पेढीत एकच."

"कापसात लावले," मुनीम पुटपुटला. "आठ दिवसांत दुप्पट होणार होते."

"मुनीम तुमचा, म्हणून भरपाई तुमची," खुशालराव शेटला म्हणाला. "नाहीतर कचेरी हाकेवर आहे."

शेटनं तीनशे मोजले. "खातं पुन्हा उघडतो, बाई."

"राहू द्या. मले घाई आहे."

उत्तमरावानं बैलांना दम घेऊ दिला नाही. भातकुलीला जानराव विहिरीपाशी सूर्याकडे डोळे लावून बसला होता. पार्बताबाईनं आधी वाकून पाणी पाहिलं, ओंजळभर चाखलं, मग पैसे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"घ्या, जानराव. आता उरलेल्या अर्ध्याचा भाव सांगा."