गुलाबी निघालेला पांढरा ससा

“ह्या गोळ्यांनीच पोरं आजारी पाडली!” बालवाडीच्या पायरीवर उभे राहून अध्यक्ष उत्तमराव गरजले आणि हातातला कणकेचा पिवळा गोळा त्यांनी अंगणात भिरकावला.

नईमाच्या चपलेपाशी तो पचकन आपटला. काल सकाळी ते बदक होतं. आता ना चोच, ना शेपूट.

मोर्शीवर तीन दिवसांपासून ढग बसले होते. दिवाळीच्या सुट्ट्या, पण बालवाडीच्या गल्लीत कोणी साधी टिकलीही फोडली नव्हती. संत्र्याच्या तोडीवर जाणाऱ्या बायांची लेकरं सांभाळणारी ती बालवाडी. काल जेवणं झाली आणि तासाभरात नऊ लेकरं ओकायला लागली. सात घरी आली. दोघं अमरावतीच्या दवाखान्यात सलाईनवर. एक शकुन, आणि दुसरा नईमाचा चार वर्षांचा भाऊ जिब्रान.

आणि खेळायचे ते गोळे मळले कोणी? नईमानं! सातवीतली पोर, सुट्टीत लहानग्यांना काहीतरी करून द्यावं म्हणून हौसेनं गेली होती. रंगाला मोनाली होती, आणि हुकूम सोडायला रोहित.

उत्तमराव गेले तसे तिघं मागच्या ओट्यावर जाऊन बसले.

“मीठ जास्त झालं असंल का गं?” मोनालीनं भीतभीत विचारलं.

“मीठ जास्तच टाकतात त्याच्यात. दोन वाट्या पिठाले एक वाटी. म्हणून तर कोणी खात नाही! जिब्राननं जीभ लावली अन् थू थू करत मायाच ओढणीले पुसली.” नईमाला हसू आलं आणि ओठावरच विझलं. अम्मी-अब्बू कालपासून दवाखान्यात. अम्मीनं फोनवर एवढंच विचारलं होतं, “नईमा, क्या मिलाया था?” रागावली असती तर बरं झालं असतं.

“तू काहून रडून राहिली?” रोहित म्हणाला.

“रडून नाही राहिली! पण मळलं त मीच ना?”

“अवं, शकुननं तुया गोळ्याले हात तरी लावला का? ते त झोपली होती. उठली ते थेट ताटावर! अन् तेच सगळ्यायहून जास्त आजारी.”

नईमा एकदम चमकली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या वच्छलाबाईंनी उरलेले गोळे डब्यात घालून ठेवले होते. तिघांनी डबा उघडला. हळदीचं दुसरं बदक, पालकाच्या रसाचा पोपट, बिटाचं फूल, आणि कोपऱ्यात ससा.

“हा पांढरा केला होता,” नईमा म्हणाली. “पण तू बिटाचे हात लावले अन् गुलाबी केला. काल बोलली नव्हती का मी तुले?”

“अन् मी सांगून सांगून थकली, बीट मी ससा झाल्यावर किसलं! ऐकते कोण?” मोनाली फणकारली.

नईमानं ससा मधोमध मोडला. आतूनही गुलाबी! हाताचा रंग वर लागेल, पोटात कसा जाईल?

“मोनाले, पीठ आण तुया घरून. पळ!”

मोनालीनं घरचं पीठ आणलं. तीच वाटी, तेच मीठ, तेच तेल, तेच कोमट पाणी. नईमानं दात ओठात रोवून गोळा मळला. तो पांढराच राहिला.

“म्हणजे पीठच रंगीत हाय! अन् कालच्या पोळ्याबी त्याच पिठाच्या!” रोहित उडालाच.

वच्छलाबाईंनी गव्हाची कोठी उघडून दिली. रोहितनं मूठभर गहू उजेडात धरला. वरून साधाच. पण दाण्याच्या पोटावरच्या चिरेत बारीक लाल रेघ.

रोहितचा आवाज एकदम खाली आला. “हे पेरायचं बियाणं हाय. याले औषध चोपडतात, बुरशी लागू नये म्हणून. अन् कोणी खाऊ नये म्हणून वरतून लाल रंग देतात. आमच्या घरी बाबा हात लावू देत नाही याले.”

वच्छलाबाई मटकन खाली बसल्या. “उत्तमरावांनी परवा दोन कट्टे गहू देल्ला. धुतलेला, वाळवलेला हाय म्हणे, थेट दळा. मी म्हटलं, माणूस किती जीव लावते लेकराइले!”

वच्छलाबाईंनी आधी दवाखान्यात फोन लावला. सगळं नीट सांगितलं.

“आता चला उत्तमरावांकडे!” रोहित उठला.

“तो म्हणंल, गहू पोरायनंच रंगवला,” नईमा म्हणाली. “कोण ऐकंल आपलं? थांब. मोनाले, तुया घरचं पीठ उरलं ना?”

उत्तमराव बालवाडीचे अध्यक्ष, शिवाय बियाणं विकणाऱ्या कृषी केंद्राचे मालक. पण बालवाडी उभी केली त्यांच्या आईनं, पार्बताबाईंनी. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत, जीभ मात्र धारेची! पाच वाजता त्यांनी सगळ्या आयांना आपल्याच अंगणात बोलावलं; उत्तमरावही होते. आभाळ इतकं काळवंडलं होतं की दिवा लावावा लागला.

“गोळ्यावाली पोरगी कोणती? समोर ये,” पार्बताबाई म्हणाल्या.

नईमा पुढे झाली. हातात झाकलेलं ताट, झाकणावर एक पिवळा गोळा.

“आजी, हा गोळा. मीठ, तेल, हळद, सगळं कालचंच. पीठ तेवढं मोनालीच्या घरचं.” तिनं चिमूटभर तुकडा तोंडात टाकला. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळला. “लय खारट हाय. पण विष नाही.” मग तिनं झाकण काढलं. “अन् हे पोळी. काका, तुमी म्हणता बालवाडीचं पीठ चांगलं हाय. मंग एक घास खा.”

उत्तमरावांनी पोळीकडे पाहिलं. “माझं जेवण झालं.”

“पाच वाजता?” मोनाली बोलून गेली.

“उपास आहे माझा!”

“आत्ता त जेवण झालं म्हणे!” रोहित म्हणाला.

कोणी हसलं नाही. पार्बताबाईंनी लेकाकडे टक लावून पाहिलं. “इकडे आण ते ताट. मी खाते.” त्यांनी घास मोडला, ओठांशी नेला.

“आई, नको!” उत्तमराव धावले. “औषध आहे त्याच्यात!”

पार्बताबाईंचा घास ओठांशीच थांबला.

“नाही काका,” नईमा हळूच म्हणाली. “तेबी मोनालीच्याच घरचं पीठ हाय. बालवाडीचं पीठ मी कोणाले कशी चारीन? तुमी खाल्ली असती त काहीच झालं नसतं. पण तुमाले ठाऊक होतं.”

“मुदत संपलेलं बियाणं... वाया चाललं होतं... चार पाण्यांनी धुतलं होतं मी...” उत्तमराव पुटपुटले.

“अन् काल लेकरं ओकली तवा? तवा तुयं तोंड कोणी शिवलं होतं?” पार्बताबाई कडाडल्या. “बारा वर्षांच्या पोरीच्या माथी मारून झोपला तू रात्री!”

त्यांनी तो घास तोंडात घातला, सावकाश चावला. “पोळी चांगली केली पोरी. अन् डोकं त्याहून चांगलं लावलं, तुमी तिघायनं. आमी एवढे मोठे बसलो होतो, एकाले सुचलं नाही.” मग लेकाकडे न बघताच म्हणाल्या, “गाडी काढ. अमरावतीले.”

वॉर्डात शकुन झोपली होती. जिब्रान जागा होता, पण मान उचलत नव्हता. डॉक्टर नईमाला म्हणाले, “तुमचा फोन आला म्हणून नेमका उपचार सुरू करता आला. अजून दोन दिवस लागतील. शाब्बास!”

उत्तमराव नईमाच्या अम्मीसमोर, शाइस्ताबींसमोर, उभे राहिले. मागून पार्बताबाईंनी त्यांच्या पाठीत बोट रुतवलं.

“गहू मी दिला होता,” ते म्हणाले. “पोरीचा काही दोष नाही.”

अम्मीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती बाकावर थोडी सरकली आणि रिकाम्या जागेवर हात थोपटला.

“आ, बैठ,” ती नईमाला म्हणाली.