चुगली न करणारी गाडी

दुपनित्सा गावातल्या शनिवारच्या गाडीबाजारात सप्टेंबर महिन्यात पेट्रोल आणि भाजलेल्या मिरच्या यांचा एकच वास येतो. नेदा प्रत्येक गाडीच्या दारात वाकून एकच प्रश्न विचारत होती, "ही कुणाला काय सांगते?"

"बाई, गाडी बघताय की सून?" एक विक्रेता म्हणाला. आजूबाजूचे हसले. सोबत आलेली गिंका मावशी तेवढी हसली नाही.

नेदाची आधीची गाडी नवीकोरी होती. आरशावरचा बारीक डोळा चालवणाऱ्याच्या खुणा वाचायचा. पहिल्याच दिवशी पडद्यावर सवाल आला, तुमचा ठावठिकाणा घरच्यांना कळवत जाऊ का? नेदानं 'नाही' म्हणून मान वरखाली केली. आता आमच्या लोकांची मान जगाच्या उलट चालते, हे त्या परदेशी डोळ्याला कोण सांगणार? त्यानं 'हो' धरलं. तेव्हापासून तिचा नवरा राद्को तिच्याआधी हजर. बेकरीत, दातांच्या डॉक्टरकडे, एकदा तर तिच्या आईच्या थडग्यापाशी. सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणायचा, "उशीर केलास."

घटस्फोट झाला, गाडी त्याच्याकडे गेली, पण पाठलाग काही सुटला नाही. नेदाच्या बहिणीनं दोस्पातच्या डोंगरात घर घेतलं होतं. कुठल्या गावी, एवढं एकच राद्कोला ठाऊक नव्हतं. तेवढं कळलं असतं, तर नेदाला पृथ्वीवर दुसरी जागा उरली नसती.

बाजाराच्या टोकाला म्हातारा स्तामेन उभा होता. त्याच्यामागे मोहरीच्या रंगाची एक जुनी रशियन मॉस्कविच गाडी, वयानं नेदाहून थोरली. आत ना पडदा, ना डोळा. किलोमीटरचे आकडेसुद्धा शून्यावर.

"ही कुणाला काय सांगते?"

"कुणालाच नाही," स्तामेन म्हणाला. "माझी बायको हिच्यात बसून माहेरी निघाली. गाडी दारात परत आली. बायको नाही आली. मी हिला फार विचारलं, पोरी."

मावशीनं नेदाची बाही ओढली.

"तुला काही बोललीच," स्तामेन किल्ली देताना म्हणाला, "तर मला कळवशील?"

नेदानं मान वरखाली केली. या वेळी समोरच्याला ती बरोबर कळली.

निघताना मावशीनं रिवाजाप्रमाणे तांब्याच्या भांड्यातलं पाणी गाडीपुढे ओतलं, जिरेनियमची डहाळी बुडवून. "पाण्यासारखं वाहत जा, बाळा." नेदानं त्या ओल्यावरून गाडी काढली आणि आरशात पाहिलं. मावशी भांडं छातीशी धरून खाली बघत होती. ओल्याच्या पलीकडे डांबर कोरडं होतं, आणि त्यावर चाकाचा एकही ओला पट्टा उमटला नव्हता.

टायर गुळगुळीत असतील, नेदानं मनाशी म्हटलं.

हमरस्त्यावरच्या कमानीखाली कॅमेरे लुकलुकतात. पुढच्या ट्रकसाठी लुकलुकले, मागच्या बससाठी लुकलुकले. तिच्यासाठी काळेच राहिले. नाक्यावरच्या पोलिसानं तिच्याकडे टक लावली. मग कळलं, तो तिच्यापलीकडच्या आलुबुखारांच्या टोपल्या बघत होता.

डोंगराची वाट जिथे फुटते, तिथे राद्को उभा होता. बाजारात हसलेल्यांपैकी कुणीतरी गाडीचा रंग कळवला असणार. रस्त्याच्या अगदी मधोमध, एका हातात बियांचा पुडा, दुसऱ्या हातात फोन.

नेदानं ब्रेक दाबला. गाडी तिरकी होऊन थांबली, खिडकी त्याच्या हाताशी.

"मोहरीचा रंग ना? काहीही नाही रे," तो फोनवर म्हणाला. "रस्ता रिकामा आहे. माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

खाली वाकताना तिचं कोपर भोंग्यावर पडलं. राद्कोनं आभाळाकडे पाहिलं.

मग ती सरळ बसली.

तिनं काच खाली केली. हात बाहेर काढला. पुड्यातल्या बिया मूठभर उचलल्या.

राद्को पुड्याकडे बघत राहिला. मग एक पाऊल मागे सरला, मग दुसरं, मग कडेच्या गवतात गेला.

"उशीर केलास," नेदा म्हणाली, बिया मागच्या सीटवर उधळल्या आणि गाडी डोंगराच्या वाटेला घातली. पहिल्या तीन वळणांपर्यंत ती मोठमोठ्यानं गात होती. चौथ्या वळणावर तिच्या लक्षात आलं की मागच्या सीटवरून कुण्या बाईनं दुसरा सूर धरलाय. ती थांबली. सूरही थांबला, जरा उशिरानं.

बहीण वेलिका फाटकात उभी होती. गळ्यात पडून दोघी रडल्या, हसल्या. आत भरल्या मिरच्या वाफाळत होत्या.

"आलीस कशी? गाडीचा आवाजच नाही आला."

"आले पाण्यासारखी," नेदा म्हणाली आणि पिशवी काढायला मागचं दार उघडलं.

सीटवर एकही बी नव्हती. कोपऱ्यात टरफलांची नीटस रास होती, तोंडातून नुकतीच काढलेली, ओली.

नेदानं क्षणभर बघितलं. मग पिशवी घेतली, दार तसंच उघडं ठेवलं आणि आत जाऊन ताटं मांडली. तीन.