बाह्यांखालचं पाणी

तो खांद्याने दार ढकलून आत आला. हातात फोमची फळी, लहान मुलं पोहायला शिकताना धरतात तसली. फळीवर ओल्या फोटोंचा गठ्ठा. पाणी ठिपकत होतं, त्याच्या कोपरावरून, केसांवरून... फोटो वाचवताना स्वतःच भिजला होता.

"वाळवायला कुठे टाकू?" फळी काउंटरवर ठेवत त्याने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत वरचा फोटो नखाने सोडवायला लागला.

"हात काढा."

काउंटरमागची मुलगी अशा आवाजात बोलली की त्याने दोन्ही हात वर केले, पोलिसासमोर करतात तसे.

"ओढून काढले तर चेहरे सोलून येतील. पाण्यात टाकावे लागतात."

"भिजले म्हणून तर घेऊन आलो. परत पाण्यात?"

"परत पाण्यात. तुम्ही करता काय?"

"पोहायला शिकवतो. पलीकडच्या तलावावर."

"मग पाण्याला कशाला घाबरता, मास्तर?"

तो हसला. तिला उगाच राग आला. हसणं चांगलं होतं, म्हणून असेल.

स्टुडिओ तिच्या मामाचा. शाळा अर्धवट सोडून ती मामाच्या हाताखाली आली होती. मामा तिला ठिणगी म्हणायचा. कुठल्या गिऱ्हाइकावर कधी पेटेल, नेम नव्हता. पण डोळा असा की फोटोवरचा केसाएवढा चरा तिला दारातून दिसायचा, आणि म्हणून मामा तिचं सगळं सहन करायचा.

तलावाच्या ऑफिसातली नळी फुटली होती आणि खाली फोटोंचं कपाट. तलावावरचा नवा हॉल उघडणार, त्या दिवशी तिथे हेच फोटो लावायचे होते. ते पसरट ट्रेमध्ये पाण्यात हळूहळू सुटे झाले. एकेक वर येत गेला. पट्ट्यापट्ट्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोहायचे कपडे घालून, पोटं आत ओढून उभे असलेले पुरुष. काठावर चटई टाकून फळं कापत बसलेलं एक घर. लाकडी मनोऱ्यावरून उडी मारलेला कोणीतरी... हवेतच राहिलेला, खाली पाणी वाट बघतंय.

"हा अजून पडला नाही," मास्तर हळूच म्हणाला.

तो फोटो तिने सगळ्यांत आधी दोरीवर लावला.

मग तो रोज यायला लागला. सकाळची बॅच संपली की ओल्या केसांनी, अंगाला तलावाच्या औषधाचा वास घेऊन. ती बारीक ब्रशने पांढरे डाग भरायची आणि तो बाजूला बसून नको तिथे बोलायचा.

"ह्यांच्या मिशीचं काय? अर्धी गेलीय."

"अर्धी भरते. उरलेली तुम्ही वाढवा."

"मला शोभेल?"

"तोंड बंद ठेवलंत तर काहीही शोभेल."

आतून मामा खोकायचा. खोकला नसताना.

एके दिवशी त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम आणली. "आत्याची. काच तडकलीय, तेवढी बदला. लग्न जुळवायला पाठवलेला फोटो आहे. काका होते तोवर त्यांच्या दुकानात असायचा, आता घरात समोरच असतो." आई गेल्यापासून आत्यानेच त्याला वाढवलं होतं.

ठिणगीने बघितलं. खुर्चीत बसलेली मुलगी, गळ्यापर्यंत बंद पोशाख, मनगटापर्यंत बाह्या, मागे पडदा.

"तलावावर काढलाय?"

"छे. आत्या पाण्याजवळ फिरकत नाही. मी ही नोकरी धरली तर कितीतरी दिवस धड बोलली नव्हती."

तो गेला, पण तिची नजर फोटोवरून हलेना. मुलीचे केस ओले होते. कपाळाला चिकटलेले, टोकाशी थेंब. डोळे उन्हाने बारीक केलेले. स्टुडिओत कुठून आलं ऊन? आणि हसू... लग्नाच्या फोटोत असं कोणी हसत नाही. आत्ताच खोल पाण्यातून वर आलेलं माणूस हसतं, तसं होतं ते.

तिने काच काढली. बाही रंगाची होती, ब्रशने वरून चढवलेली. पडदासुद्धा.

मामाची एकच शिस्त होती. जुन्या फोटोला हात लावायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवायचा. तिला ते झोपेतही पाठ होतं. पण कापूस हातात होता, ओला होता, आणि तिला बघायचंच होतं. एक कोपरा पुसला. पाऊल निघालं, घोट्यापर्यंत पाण्यात. मग थांबवलंच नाही तिच्याने. पडदा गेला, तलाव आला. बाह्या गेल्या, उघडे दंड आले, पोहायचा पोशाख आला. खुर्ची नव्हतीच, उडी मारायची फळी होती.

मास्तर आला तेव्हा तिने फोटो मिरवतच समोर धरला.

"बघा. कोण म्हणतं पाण्याजवळ फिरकत नाही?"

तो बघत राहिला. त्याचा चेहरा तिने मनात योजला होता तसा झाला नाही.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो तिला तू म्हणाला. आणि ते असं.

"खोटं होतं ते," ती म्हणाली. "वरून फासलेलं."

"काकांनी रोज दुकान उघडताना त्याच्याकडे बघितलं. ते खोटं बघत होते का? तिच्याकडे त्यांचं म्हणून काय उरलंय, माहितेय तुला? काच बदल म्हटलं होतं मी. काच."

"तू ओरडू नकोस माझ्यावर."

"ओरडत नाहीये," तो म्हणाला. खरंच ओरडत नव्हता. तेच जास्त लागलं. "आधीच्याचा फोटो काढलायस?"

तिने मान खाली घातली. तो फोटो तिथेच ठेवून निघून गेला.

मामा पडद्याआडून आला, काही रागावला नाही. "आता त्याच्याकडे जाऊ नकोस. जिचा फोटो आहे तिच्याकडे जा."

जायला तिला आठवडा लागला. आत्याचं घर म्हणजे पुढच्या खोलीत शिवणयंत्र, चिंध्यांची टोपली, आणि भिंतीवर रिकामा खिळा. खिळ्याभोवतीचा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. ठिणगीने तो बघितला आणि हातातली फ्रेम पुढे केली.

"मी तुमचा फोटो पुसला," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "कोणी सांगितलं नव्हतं. आधीचा ठेवलाही नाही. चूक माझी आहे, यांची नाही."

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

आत्याने चष्मा लावला. फोटो उजेडात धरला. मशीनच्या चाकावर ठेवलेला तिचा हात तिथेच राहिला.

"माझ्या दादाने रंगवला होता," ती म्हणाली. "दुसरा फोटोच नव्हता माझा. म्हणाला, चेहरा चांगला आलाय, बाकी मी झाकतो. आणि मला म्हणाला, आता पोहणं बास."

तिने फोटो मांडीवर ठेवला.

"हे विचारायचे मला. दर वर्षी एकदा तरी. इतकं काय हसतेयस गं, फोटोवाल्याने काय सांगितलं होतं तुला?" तिचा आवाज शांत होता, पण चष्म्यामागे पाणी भरलं होतं. "मी म्हणायचे, आठवत नाही. सांगितलं असतं तर चाललं असतं त्यांना. चाललंच असतं. मीच नाही सांगितलं. रोज उद्या सांगू म्हणत गेले..."

ठिणगीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"परत रंगवता येतील बाह्या?" आत्याने विचारलं.

"येतील."

"मग रंगव. त्यांनी बघितली ती मला हवी. पण पाय राहू दे. पाण्यात."

ठिणगीने आधी पुसलेल्या फोटोचा नीट फोटो काढला, मगच रंग भिजवला. शिवणयंत्राच्या टेबलापाशी बसून ती रंगवू लागली. आत्या शेजारी.

"बाही अशी पडते का कधी? खांद्याशी चुण्या असतात. जन्म गेला माझा बाह्या लावण्यात."

"घाला तुम्हीच चुण्या," ठिणगीच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

आत्या मात्र हसली. अगदी फोटोतल्यासारखं नाही. पण जवळपास. मग चहाचं निमित्त करून आत गेली.

मास्तर रंगाची वाटी धरून बसला होता. "मी खूप बोललो त्या दिवशी."

"बरोबर बोललास."

"तुझ्याशी बोलल्याशिवाय इतके दिवस... सकाळची बॅच संपली की पाय तिकडेच वळायचे. मग घरी यायचो." त्याने वाटी खाली ठेवली. "मला तू आवडतेस. फार. तुला काय वाटतं?"

ब्रशचं टोक हवेत थांबलं. तिला लगेच बोलावंसं वाटलं, जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"आत्ता नाही सांगत. मी घाईत केलेलं सगळं बिघडतं. थांबशील?"

"थांबेन."

हॉल उघडला त्या दिवशी आत गर्दी मावेना. पुरुषांच्या मिशा पूर्ण होत्या, उडी मारणारा अजून हवेत होता. शेवटच्या भिंतीवर आत्या होती. अंगभर झाकलेली, मागे पडदा, आणि खाली पावलं पाण्यात. लोक थबकायचे, जवळ जायचे, मागे व्हायचे. एका लहान मुलीने ही कोण म्हणून विचारलं, तर आत्या पुढे झाली. "मी आहे," म्हणाली. "पोहायचे मी. चांगली पोहायचे."

मास्तरने तोंड फिरवलं. डोळे पुसत होता, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून भिंतीकडे बघत होता. ठिणगीला दिसलं. तिला सगळंच दिसायचं.

माणसं पांगली. आत्या त्या लहान मुलीचा हात धरून पाणी दाखवायला बाहेर गेली. हॉलमध्ये दोघंच राहिली, ओल्या फरशीचा वास, आणि बाहेर पाण्यात पडणाऱ्या पोरांचे आवाज.

ती त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागेल इतकी.

"विचार केला," ती म्हणाली.

"किती तो?"

"बराच. रोज. उलटसुलट करून बघितला. कुठे खोट निघते का शोधत होते."

"निघाली?"

"तुझ्यात खूप निघाल्या." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. राग नव्हता, घाई नव्हती. "ह्यात नाही निघाली. मलाही तू आवडतोस. आणि मी हे उद्यावर टाकणार नव्हते."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि दोघं बाहेर उन्हात गेली.