वळणावरची थाप

फुटकळ माल भरणं म्हणजे पोरखेळ नव्हे. एकाच गाडीत बिस्किटांची खोकी, साबण, बादल्या, कुकर, खेळणी, कुणाची गादी आणि कुणाचा तरी भलामोठा आरसा. जो माल सगळ्यात शेवटी उतरायचा तो सगळ्यात आधी आत, केबिनच्या पत्र्याला टेकवून. जड खाली, हलका वर, आणि मध्ये मुठीएवढीही पोकळी नको. पोकळी राहिली की माल नाचतो, आणि माल नाचला की पुढच्या शहरातला दुकानदार ड्रायव्हरच्या डोक्यावर नाचतो.

त्या सकाळी वहिनींनी (सगळं गोदाम त्यांना वहिनीच म्हणायचं) आपली गाडी अशीच गच्च भरून घेतली, मागच्या दाराला कडी घातली, कुलूप लावलं आणि गोदामातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी घाटानं जाणार."

हमालांचे हात जागच्या जागी थांबले. घाटानं कुणीच जात नव्हतं. सगळ्या गाड्या लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जायच्या, आणि त्याला कारण होता वहिनींचा नवरा. मेलेला नवरा.

त्या घाटात एक वळण आहे. लांब गाडी तिथं एका दमात वळत नाही. नाक डोंगराला लावायचं, मग थोडं मागे, दरीकडे यायचं, मग पुन्हा पुढे. मागे यायचं तर खाली उतरून कुणीतरी गाडीच्या अंगावर थापा मारून सांगावं लागतं. दोन थापा म्हणजे ये मागे. एक थाप म्हणजे थांब. वहिनी गाडी चालवायच्या आणि नवरा थापा मारायचा. गोदामातले त्याला थापाड्या म्हणून चिडवायचे, आणि तोही दात काढून हसायचा. गेल्या वर्षी धुक्यात पुढची एक गाडी त्या वळणावर अडली. हा आपली गाडी सोडून दुसऱ्याच्या मदतीला गेला आणि पायाखालची कड सुटली. धुकं विरल्यावर तो खाली दगडांत सापडला.

त्यानंतर दोन गाड्या तिथून दरीत गेल्या. एकीतला ड्रायव्हर वाचला. तो सांगत सुटला की मागे कुणी नसताना थापा आल्या, ये मागे, ये मागे, आणि पाय आपोआप थापांचं ऐकत गेला. थापाड्याचीच थाप होती म्हणाला. झालं! ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. थापाड्या सोबतीला माणसं खेचतो.

वहिनींनी वर्षभर ऐकून घेतलं. पण आदल्या दिवशी त्यांची लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली. "आई, बाबा लोकांना ढकलतात का गं? माझ्याशेजारी कुणी बसत नाही." वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस गेला तो गेला, आता त्याचं नावही दरीत घालताय होय रे?

"मी येतो," मामा म्हणाले. मामा म्हणजे गोदामातले सगळ्यात जुने हमाल. पूर्वी स्वतः गाडी चालवायचे. थापाड्या खेचतो हे सगळ्यात जास्त रंगवून सांगणारेही तेच.

"या की," वहिनी म्हणाल्या. "डोळ्यांनी बघा, कानांनी ऐका. मग बोला काय बोलायचं ते."

दुपार होती, पण घाट चढता चढता धुकं इतकं दाटलं की समोरची काच दुधानं सारवल्यागत झाली. ओल्या मातीचा वास केबिनमध्ये शिरला. इंजिनाशिवाय कसलाच आवाज नव्हता. वळण आलं. वहिनींनी नाक डोंगराला लावलं, गाडी रिव्हर्सला टाकली आणि आरशात पाहिलं. आरशात पांढरं, नुसतं पांढरं.

थप थप.

मागून. डाव्या कोपऱ्यातून. पहिली थाप हलकी, दुसरी जरा लांबलेली... तीच. किती वर्षं ती थाप ऐकून त्यांनी गाडी मागे घेतली होती! आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना भीती वाटलीच नाही, आनंद झाला. पाय आपोआप सुटला. गाडी मागे सरकली.

थप थप. थप थप.

"वहिनी..." मामांनी त्यांचा दंड धरला. "वहिनी, थांबवा... थांबवा हो..."

वहिनींनी ब्रेक दाबला. घाम पुसला. त्या दोघा नवरा-बायकोची आणखी एक रीत होती, जी गोदामात कुणाला ठाऊक नव्हती. मागे घेताना मध्येच थांबून त्या खिडकीतून हात काढून आपल्या दारावर दोनदा टकटक करायच्या. आहेस ना बाजूला? आणि तो एकच थाप द्यायचा, पण 'थांब'सारखी बोटांची नाही, उघड्या पंजाची. आहे. ती थाप आल्याशिवाय त्यांनी कधी ब्रेक सोडला नव्हता.

त्यांनी हात बाहेर काढला. टक टक.

थप थप, मागून आलं.

"नाही," वहिनी पुटपुटल्या. पुन्हा केलं. टक टक.

थप थप. थप थप. थप थप. आता घाई होती त्या थापांना. हाव होती.

"तो नाहीस तू," वहिनी म्हणाल्या. आणि मग ओरडल्याच, "तो नाहीस तू! कुणाची थाप चोरलीस रे मेल्या?"

थापा बंद झाल्या. धुक्यात सगळं चिडीचूप. आणि त्या शांततेत वहिनींच्या पाठीमागून, सीटच्या पलीकडून, जिथं खोक्यांत मुठीएवढीही पोकळी नव्हती तिथून, आतून, एकच थाप आली. उघड्या पंजाची.

मामांनी ती ऐकली.

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं. गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली. मागच्या चाकाखालून दगड सुटले, ते बराच वेळ खाली जात राहिलेले ऐकू आले. मग बाहेरच्या थापा पुन्हा सुरू झाल्या. मागच्या दारावर, बाजूच्या पत्र्यावर, टपावर, मामांच्या खिडकीवर. मामा वहिनींच्या अंगावरच सरकले.

"सरळ बसा, मामा. रडताय काय?" वहिनींनी आपली काच पूर्ण खाली केली आणि धुक्यात तोंड काढून सांगितलं, "हात असेल तर स्वतःचा आण. माझ्या माणसाचा वापरायचा नाही!"

घाट उतरल्यावर स्वच्छ ऊन लागलं.

पुढच्या शहरातल्या गोदामात माल उतरला. त्या भल्यामोठ्या आरशाला टवकासुद्धा नव्हता. वहिनींनी आधी लेकीला फोन केला. "बाबा ढकलत नाहीत, सोने. बाबांनी आज आईला वाचवलं. मामांना विचार." मामांनी फोन घेतला आणि पोरीला सगळं खरं खरं सांगितलं. मग त्यांनी स्वतःहून गोदामाच्या मालकांनाही फोन लावला. वहिनींच्या जिवात जीव आला. वर्षभरानं त्या मनापासून हसल्या.

गाडी रिकामी, झाडलेली, दारं सताड उघडी, भर उन्हात उभी होती. वहिनी केबिनमध्ये, मामा त्यांच्यासमोर चहाचा कप घेऊन खाली.

टक टक.

मागच्या रिकाम्या गाडीतून. पहिली हळू, दुसरी ठाम. वहिनींची टकटक. हुबेहूब.

"तुम्ही वाजवलंत?" मामांनी विचारलं, पण वहिनींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

टक टक... आहेस ना बाजूला? वहिनींना कळायला वेळ लागला नाही. घाटात थापा मारणारं ते त्यांच्या गाडीत बसून आलं होतं, वाटेत त्यांची टकटक शिकलं होतं, आणि आता त्यांच्या हातानं त्यांच्या नवऱ्याला बोलवत होतं. आणि तो भोळा. परक्या गाडीच्या मदतीला धावणारा. बायकोची टकटक ऐकून तो गप्प कसा राहील?

वहिनींनी हॉर्न दाबून धरला. अख्खं गोदाम वळून बघायला लागलं. हॉर्न सोडला तरी मागे टकटक चालूच होती.

त्या खाली उतरल्या. किल्ली मामांच्या हातात दिली. "गाडी तुम्ही चालवा. घाटानंच. मी मागे बसते."

"वेड लागलंय का, वहिनी? आत ते आहे!"

"म्हणून तर. माझ्या नावानं त्याला हाक मारायची तर आधी माझ्या तोंडावर मारायची." पदर खोचून त्या आत चढल्या. "बाहेरून कडी घाला. कुलूपसुद्धा. मधेच पळायला नको त्याला."

मामांनी कडी घातली, कुलूप लावलं.

घाट चढताना मागून वहिनींचा आवाज यायला लागला. "उतर माझ्या गाडीतून!" आणि लगोलग उत्तर, "तूच उतर माझ्या गाडीतून!" भांडण चांगलंच पेटलं. मामा आजही शपथेवर सांगतात, दोन्ही आवाज वहिनींचेच होते. तोच ठसका, तीच धार, रागानं तसंच चिरकणं.

वळणावर पुन्हा धुकं. मामांनी नाक डोंगराला लावलं, ब्रेक दाबला आणि वहिनींसारखी दारावर दोनदा टकटक केली. मागून एकच थाप आली. उघड्या पंजाची, अशी की गाडीचा पत्रा झणझणला. मग काहीतरी दगडांवरून घरंगळत खाली जाण्याचा आवाज, बराच वेळ.

आपल्या गोदामात परत आल्यावर मामांनी कुलूप काढलं. वहिनी खाली उतरल्या, मामांना "रडताय काय?" म्हणाल्या आणि दारात वाट बघणाऱ्या लेकीला कडेवर उचलून घरी गेल्या. तेव्हापासून घाटानं सगळ्या गाड्या जातात. थापाड्याचं नाव माणसं आता आदरानं घेतात.

वळणानंतर मात्र मागे एकच आवाज उरला होता. कोणता, हे वहिनींना विचारायची मामांची अजून छाती झालेली नाही.