हाळी

गुरुपादअप्पांचं जिंतूरला विहिरीवरच्या मोटारी भरायचं, जळालेल्या तारा बदलून द्यायचं दुकान. जळालेली मोटार उघडली की अप्पा आधी तिचा वास घेत, मग तारा बघत. बायनाबाईची मोटार पुन्हा जळून आली होती. दोन फेजच्या कॉईल कोळसा झालेल्या, तिसरीच्या तारा मात्र कोऱ्या, तांबूस.

"एक फेज गेल्यावरबी चालत ऱ्हायली ही," अप्पा म्हणाले. "स्टार्टर आपोआप पडून बंद व्हाया पाहिजे. कुणीतरी बटन दाबून ठेवाया त्यात काडी खुपसायलंय."

बायनाबाई म्हणाली, "मालक खुपसायचे. कडुनिंबाची, दात घासलेली. आता कोण हाय तिथं?"

तिचा नवरा बन्सीधर उन्हाळ्यात शॉक लागून त्याच स्टार्टरला चिकटून गेला होता.

"मेल्यावरबी राबायलेत का हो ते, अप्पा? तेवढं बघून सांगा."

मोटार दुकानात तशीच उघडी टाकून अप्पा तिच्यासोबत विहिरीवर गेले. दिवस मावळत होता. त्यांनी आधी फ्यूज काढले, मग स्टार्टरची पेटी उघडली. बटनात काडी होती. टोक चावलेलं, अजून ओलं. अप्पांनी ती हळूच काढून खिशात ठेवली.

तेवढ्यात विहिरीतून हुंकार आला. दोन फेजवर अडकलेली मोटार कण्हते, तसा. तापानं फणफणलेल्या माणसासारखा. पाइप थरथरला. शेतात जाणाऱ्या दांडाला पाणी आलं.

"मोटार तर माझ्या दुकानात हाय..." अप्पा पुटपुटले.

बायनाबाई घाबरली नाही. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"मी बारं द्यायची, एकेका सरीत पाणी सोडायची, ते मोटारीपाशी बसायचे. मी 'झालं' म्हणून हाळी दिल्याबिगर बंद करायचे न्हाईत. त्या दिशी शेवटची सरी ऱ्हायली होती... तेवढ्यात लोक पळत आले. हाळी ऱ्हाऊनच गेली."

तिनं पदर खोचला. हातानंच माती ओढून पाणी शेवटच्या सरीत वळवलं. सरी भरेपर्यंत ती तिथंच वाकून बसली. मग उठून विहिरीकडं तोंड केलं.

"झालं वो... बंद करा आता. चला घरी."

हुंकार थांबला. दांडातलं पाणी जिरत गेलं.

बायनाबाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि बांधाच्या कडेनं चालू लागली. शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. अप्पा मागून येत होते. त्या रिकाम्या जागेतून काडी चावल्याचा बारीक आवाज येत होता.

अप्पांनी खिसा चाचपला. काडी खिशातच होती.